कार्ले-भाजे आणि आमचे बडे अब्बा

लोणावळ्यात राहणाऱ्यांकडे पाहुणे आले की त्यांना काय दाखवायचे हे ठरलेलेच असते. टायगर पॉइंट, भुशी धरण आणि परतीच्या वाटेवर चिक्की. आम्हीही वर्षानुवर्षे हेच करत आलो. आम्ही नवराबायको दोघेही शिक्षक, एक उर्दू शाळेत, एक मराठी शाळेत. दोघेही वर्गात सातवाहन शिकवतो, कार्ल्याच्या लेण्यांवर पाच गुणांचा प्रश्न घालतो. पण घरची सगळी माणसे घेऊन तिथे जायचे, हे कधी ठरले नव्हते.

ते ठरले मेक्सिकोमुळे. आमचा एक भाचा अमेरिकेत नोकरीला आहे. गेल्या हिवाळ्यात तो सासरच्या मंडळींसह चिचेन इत्झाला गेला आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडला. माया लोकांचा तो पायऱ्यापायऱ्यांचा दगडी पिरॅमिड, चार बाजूंना प्रत्येकी 91 पायऱ्या आणि वरचा चौथरा धरला की 365, म्हणजे वर्षाचे दिवस. आता वर चढू देत नाहीत, खालूनच बघायचे. खाली उभे राहून टाळी वाजवली की पक्ष्याच्या आवाजासारखा प्रतिध्वनी येतो, त्याचाही व्हिडिओ आला. सगळ्यांनी ‘माशाअल्लाह’, ‘सुबहानअल्लाह’ लिहिले. मग दहावीतल्या भाचीने एकच ओळ टाकली : ‘हे आठव्या ते बाराव्या शतकातले आहे. आपले कार्ले याच्यापेक्षा साताठशे वर्षांनी तरी जुने आहे, आणि ते बघायला विमान लागत नाही.’

पुढच्याच महिन्यात घरात लग्न होते. सोलापूर, मिरज, श्रीवर्धन, पुणे, सगळीकडची माणसे जमणार होती. वलीम्याच्या दुसऱ्या दिवशी टेम्पो ट्रॅव्हलर करायची आणि एकवीस जणांनी कार्ले-भाजे करायचे, असे पोरांनी परस्पर ठरवून टाकले.

बडे अब्बांनी नकार दिला. बडे अब्बा म्हणजे अब्बांचे थोरले भाऊ, सोलापूरचे, वय चौऱ्याहत्तर. आयुष्यभर मशिदीच्या ट्रस्टचे हिशेब लिहिलेला माणूस. घरात त्यांचा शब्द खाली पडत नाही. ‘बुतखान्यात बालबच्चे घेऊन सैर करायची का?’ एवढेच ते म्हणाले असते तर गोष्ट वेगळी होती, पोरांनी त्याला उत्तर तयार ठेवले होते. पण त्यांचा मुद्दा त्याहून खोल होता. हिज्रच्या वस्तीजवळून जाताना हुजूर सल्ल. यांनी सोबत्यांना काय ताकीद दिली होती, ते त्यांनी आठवण करून दिले. डोंगर कोरून घरे करणारी समूदची कौम, तिच्यावर आलेला अजाब, आणि त्या जागी हसतखेळत जाऊ नका, जायचे तर रडत जा, ही शिकवण. ‘डोंगर कोरलेला असला की मला तेच आठवते,’ ते म्हणाले. ‘इबरतीसाठी बघावे. तमाशासाठी नाही.’

घरात शांतता पसरली. आम्हालाही चटकन उत्तर सुचले नाही, आणि वडीलधाऱ्यांना उत्तर द्यायचे तर ते विचार करूनच द्यावे. रात्री जेवणे झाल्यावर आम्ही त्यांच्याजवळ बसलो. सौदीतले हिज्र, ज्याला मदाइन सालेह म्हणतात, ते 2008 मध्ये युनेस्कोच्या यादीत आले. सौदीतले ते पहिलेच. तिथे आज जे कोरीव दर्शनी भाग दिसतात, ते अभ्यासकांच्या मते नबाती लोकांच्या कबरी आहेत, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासच्या. म्हणजे तिकडे ते डोंगर फोडत होते, साधारण त्याच काळात इकडे मावळात कार्ले कोरले जात होते. पण कार्ल्यातली माणसे कोण होती? संसार सोडलेले भिक्खू. त्यांच्यावर अजाब आल्याची कुठे खबर नाही. पावसाचे चार महिने त्यांना फिरता येत नसे, म्हणून एका जागी राहायचे, वाचायचे, शिकवायचे. बोरघाटातून कल्याण, सोपाऱ्याच्या बंदरांकडे जाणारे व्यापारी या वाटेने येत आणि दान देत. पुढे दान देणारे हात दुसरीकडे वळले, आणि ही जागा हळूहळू ओस पडली. यात रडण्यासारखे काही असेल तर ते वेगळे आहे.

बडे अब्बा ऐकत होते. शेवटी म्हणाले, ‘आऊंगा. अंदर का देखेंगे.’ म्हणजे येईन, पण आत जाण्याचे तिथे ठरवीन.

आता एक गोष्ट लिहायला संकोच वाटतो, पण ती न लिहिता पुढे जाणे बरोबर नाही. कार्ल्याच्या पायथ्याशी गाडी थांबली तेव्हा आमच्यापैकी अर्धेजण लगेच उतरले नाहीत. सहा बुरखे, तीन दाढ्या, पाच टोप्या, आणि समोर एकवीरा देवीला निघालेली गर्दी. हार, नारळ, खणांची दुकाने, वरून येणारे ढोल. हल्ली आपण घोळक्याने कुठे गेलो की पहिला विचार कोणता येतो, हे या मासिकाच्या वाचकांना समजावून सांगायला नको. मिरजेच्या भाभी हळूच म्हणाल्या, ‘टोप्या काढून ठेवायला सांगू का पोरांना?’ अम्मींनी मागे वळून पाहिले आणि म्हणाल्या, ‘नक्को.’ आणि उतरल्या.

अम्मींचे गुडघे दुखतात. पहिल्या वळणालाच त्या पायरीवर बसल्या : ‘मैं यहीच बैठती, तुमे जाव.’ शेजारी अलिबागकडच्या कोळी बायका दम खात बसल्या होत्या, डोक्यात अबोलीचे गजरे. अम्मींचे माहेर श्रीवर्धन. त्यांनी कुठून आलात असे विचारले आणि मग पंधरा मिनिटे सुक्या बोंबलाचे आणि जवळ्याचे भाव चालले. यंदा करंदी कशी नाही, पूर्वी वाटा कसा भरभरून मिळायचा. अम्मी इकडे घरात दख्खनी बोलतात, तिथे त्यांच्या तोंडून आम्ही कित्येक वर्षांत न ऐकलेली किनाऱ्यावरची बोली आली. त्या बायका उठल्या तेव्हा अम्मीही उठल्या. गप्पांच्या नादात सगळ्या पायऱ्या चढून आमच्या आधी वर पोचल्या.

अगदी सगळे गोडच झाले असेही नाही. अर्ध्या वाटेवर एक तरुण मोबाइल धरून आमच्याकडे बघत होता. फोटो घेत होता की नुसताच धरला होता, कळायला मार्ग नव्हता. ‘इथे कशाला आलात?’ त्याने विचारले. कोणी काही बोलायच्या आत दहावीतली भाची म्हणाली, ‘लेणी बघायला. परीक्षेला आहेत. तुम्ही?’ तो म्हणाला, ‘दर्शनाला.’ मग जरा थांबून, ‘वर प्यायचे पाणी मिळते का हो?’ आम्ही त्याला आमच्यातली बाटली दिली. तो मैत्रीने विचारत होता की नाही, हे आम्हाला अजून सांगता येणार नाही.

वर पुरातत्त्व खात्याची खिडकी आहे. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, त्यामुळे आमचा निम्मा घोळका फुकट आत गेला. चैत्यगृहाच्या समोरच डावीकडे सिंहस्तंभ उभा आहे, माथ्यावर चार सिंह. गोतीचा मुलगा अग्निमित्रणक नावाच्या महारठीने तो दिल्याचे त्यावर लिहिले आहे. उजवीकडे एकवीरेचे मंदिर. दोन्हींच्या मधून आत शिरायचे.

आत शिरल्यावर आमची पोरे गप्प झाली. एरवी त्यांना गप्प करायला आम्हाला टेबलावर डस्टर आपटावा लागतो. सुमारे 124 फूट लांब, 45 फूट रुंद आणि तितकाच उंच असा हा दिवाणखाना एकाच डोंगरातून काढलेला आहे. एकही चिरा बाहेरून आणून रचलेला नाही. देशातले हे सर्वांत मोठे कोरीव चैत्यगृह. कारागीर वरून खाली उतरत आले, छत आधी, फरशी शेवटी, म्हणून परांचीची गरज पडली नाही. परांची म्हणजे बांधकामाचा मचाण, हे शहरी पोरांना सांगावे लागले. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब, त्यांच्या माथ्यावर गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांवर बसलेली जोडपी. स्तूपामागे सात साधे खांब. एकूण 37. वर पाहिले तर छताला लाकडी फासळ्या आहेत. त्या सागवानी आहेत आणि मूळच्या आहेत. जवळजवळ दोन हजार पावसाळे, तेही मावळातले, त्या लाकडाने काढले. स्तूपावरची छत्रीही लाकडाचीच. श्रीवर्धनच्या मामूंचा फर्निचरचा धंदा आहे. ते मान वर करून इतका वेळ उभे राहिले की त्यांची मान धरली. ‘आमच्या दुकानातला दरवाजा तीन पावसात फुगतो,’ एवढेच ते म्हणाले.

बडे अब्बा बाहेर कट्ट्यावर बसले होते.

दाराशीच शिलालेख आहेत. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. शतकानुशतके ही अक्षरे कोणालाच वाचता येत नव्हती. 1837 च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीचा उलगडा केला, तेव्हा ही माणसे पुन्हा बोलू लागली. माया लिपीचेही असेच झाले, फक्त फार उशिरा. 1562 साली एका स्पॅनिश पाद्र्याने त्यांच्या पोथ्या जाळल्या, आज जगात चारच उरल्या आहेत. ती लिपी वाचायची खरी किल्ली 1952 नंतर सापडली. पण माया लोक संपलेले नाहीत, लाखो लोक आजही त्या भाषा घरात बोलतात. अमेरिकेतल्या भाच्याला त्याचा टॅक्सीवाला फोनवर आईशी त्याच भाषेत बोलताना भेटला होता.

तर दाराशी काय लिहिले आहे? धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नावाच्या गंधिकाने हे दार दिले. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणारा. हे वाचून दाखवताच सगळ्यांच्या नजरा नव्या सुनेकडे वळल्या. तिचे माहेरचे आडनाव अत्तार. लग्नाला दोन दिवसही झाले नव्हते, बिचारी लाजून बुरख्याआड गेली. ‘म्हणजे भाभीच्या खानदानाने दिलेय हे,’ पोरांनी ओरडून जाहीर केले. त्याच दाराजवळ सामी नावाच्या वढकीचे, म्हणजे सुताराचे नाव आहे. फर्निचरवाल्या मामूंची छाती फुगली. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या सेठीने हे काम पूर्ण केले आणि साऱ्या जंबुद्वीपात असे दुसरे नाही, असा दावाही कोरून ठेवला. सेठी म्हणजे आपला शेठ. खांबांवर यवनांचीही नावे आहेत, धेनुकाकटचे यवन. बाहेरून आलेली ही माणसे इथली झाली, इथल्या भाषेत आपले दान नोंदवून गेली. अत्तार, शिकलगार, तांबोळी, बागवान, पिंजारी : आपल्या आडनावांकडे बघितले तर आपल्याकडेही कोण काय करत होता तेच लिहिलेले आहे. फरक इतकाच की ते दगडावर नाही, रेशनकार्डावर आहे.

मग आम्ही बाहेर येऊन बडे अब्बांना एक लेख तोंडी सांगितला, कारण तो त्यांच्याच कामाचा होता. नहपान राजाचा जावई उषवदात याने करजिक नावाचे एक अख्खे गाव इथल्या भिक्खूंच्या निर्वाहासाठी लावून दिले होते, पावसाळ्यात राहणाऱ्यांसाठी. पुढे सातवाहनांच्या गौतमीपुत्राने नहपानाचा पाडाव केला. राज्य बदलले, घराणे बदलले. पण सातवाहन राजाच्या हुकमाचाही लेख इथे आहे : ते गाव भिक्खूंचेच राहील. हा हुकूम ‘मामाल’ इथल्या अधिकाऱ्याला दिला आहे. मामाल म्हणजे आपले मावळ.

‘म्हणजे आधीच्याचा वक्फ नव्या राजाने मोडला नाही,’ बडे अब्बा म्हणाले.

‘साधारण तसेच.’

‘कागद कुठे आहे?’

‘आत. भिंतीवर.’

ते उठले, काठी घेतली आणि आत गेले. मूर्तींकडे त्यांनी मान वळवली नाही. तो लेख कुठे आहे ते विचारून त्याच्यासमोर उभे राहिले. वाचता तर येत नव्हते. चाळीस वर्षे मशिदीच्या मालमत्तेची कागदपत्रे जपलेला माणूस, ज्याला आजही रात्री झोप लागत नाही की उद्या कोणी विचारले तर कोणती सनद दाखवायची, तो त्या अक्षरांकडे बघत होता. आम्ही पोरांना तिथून बाजूला नेले.

जोहरची वेळ होईपर्यंत आम्ही भाज्याला पोचलो. हा दुसरा अवघड प्रश्न. उघड्यावर नमाज पढायची की घरी जाऊन? हल्ली त्याचे काय काय होते हे आपण फोनवर बघतो. भाजे गावात पिठले-भाकरी मिळते अशा एका घराशी आम्ही एकवीस ताटे सांगितली होती. त्या घरच्या ताईंना आम्ही विचारले, मागे थोडी जागा मिळेल का. त्यांनी काही न बोलता गोठ्यामागचे अंगण झाडले, दोन सतरंज्या टाकल्या आणि बादलीभर पाणी ठेवले. बायकांसाठी माजघर मोकळे केले. बडे अब्बा इमाम. ते सोलापूरचे, म्हणजे मुसाफिर, त्यांना कसर. आम्ही लोणावळ्याचे मुकीम. दोन रकातींनंतर त्यांनी सलाम फेरला, सोलापूर आणि मिरज बसून राहिले, आणि आम्ही उरलेल्या दोन पुऱ्या करायला उठलो. ताईंचा लहान मुलगा खांबाला टेकून बघत होता. नंतर त्याने विचारले, ‘निम्मे लोक लवकर का बसले?’ त्याला समजावताना आमच्याच पोरांची उजळणी झाली.

पिठले झणझणीत होते. एवढे सांगून पुढे जातो.

भाज्याच्या पायऱ्या चढायला सगळे आले, अम्मीसुद्धा. इथली 22 लेणी कार्ल्याहून जुनी, इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातली. इथे गर्दी नाही, ढोल नाही. चैत्यगृहाची पुढची लाकडी भिंत केव्हाच गेली आहे, तिच्या खोबणी तेवढ्या दगडात दिसतात. म्हणून घोड्याच्या नालेसारखी ती भलीमोठी कमान एकदम उघडी समोर येते. आतले 27 खांब किंचित आत झुकलेले. लाकडी घराचे खांब वरचा भार पेलायला तिरपे लावतात, कारागिरांनी दगडातही तेच केले. दगडाला त्याची गरज नव्हती. सवय हातातून जात नाही.

एका खोलीच्या लेखात बाधा नावाच्या बाईचे दान आहे, हालिकाची बायको. हालिक म्हणजे नांगर धरणारा. अम्मींनी हे दोनदा विचारून घेतले. ‘नांगरवाल्याच्या बायकोकडे देण्याइतके पैसे होते?’ असतील, नाहीतर साठवले असतील. अम्मींनी आमच्या बहिणीचे बी.एड.चे पैसे कोंबडीच्या अंड्यांतून साठवले होते, ते घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. त्या काही बोलल्या नाहीत. त्या कोठडीच्या ओट्यावर जरा वेळ बसल्या मात्र.

पुढे चौदा स्तूपांचा समूह आहे, पाच आत, नऊ बाहेर. इथे राहिलेल्या थेरांची, म्हणजे बुजुर्ग भिक्खूंची ती आठवण. अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन : अशी मोजकी नावे वाचता येतात. बाकीचे बिननावाचे. लहान पोरे स्तूपांमधून लपाछपी खेळायला लागली तेव्हा बडे अब्बांनीच त्यांना हाक मारून थांबवले. ‘इथे खेळायचे नाही. कबरस्तानात खेळता का?’

आमच्या घराण्यात कबरी कच्च्या ठेवतात. मातीचा उंचवटा, उशाला एक दगड, दोनतीन पावसाळ्यांत तोही बसतो. आजोबांची कबर नेमकी कुठली, हे आज फक्त बडे अब्बांना ठाऊक आहे. मिरजेच्या चुलतभावाने त्या संध्याकाळी उतरताना त्यांना ते विचारून घेतले, कडुनिंबापासून किती पावले, कुठल्या बाजूला. त्यांनी सांगितले. दोघांनी आपापल्या वहीत लिहून घेतले.

परतताना सूर्य लोहगडामागे गेला होता. समोर एक्स्प्रेस वे, रेल्वेची लाइन, मध्ये इंद्रायणीचे खोरे. बोरघाटाची वाट अजून तीच आहे, बैलांच्या जागी कंटेनर आले. गाडीत अर्धे झोपले. जागे होते त्यांच्यात वाद चालू होता, कोणते चांगले, कार्ले की भाजे. पाच वर्षांच्या धाकट्याचे मत असे की सर्वांत चांगले माकड, ज्याने मामूंच्या हातातले केळे नेले. आजही त्याला त्या सहलीतले विचारले तर तो माकडाचेच सांगतो. नवी सून कोणी विचारले तर दाराचे सांगते. अमेरिकेतल्या भाच्याला फोटो पाठवले, त्याने लिहिले, पुढच्या सुट्टीत मला घेऊन चला.

बडे अब्बांचा गेल्या आठवड्यात सोलापूरहून फोन आला. त्यांना त्या हुकमाच्या लेखाचा मराठी तर्जुमा हवा आहे, मशिदीच्या कमिटीपुढे वाचून दाखवायला. तो आम्ही शाळेच्या ग्रंथालयातून उतरवून देणार आहोत. शेवटी त्यांनी विचारले, कामशेतजवळ आणखी एक लेणे आहे म्हणतात ते कोणते. बेडसे, आम्ही सांगितले. ईदनंतर जाऊ, ते म्हणाले, आणि दुल्हनलाही सोबत घ्या. दुल्हन म्हणजे अम्मी. बेडशाला पायऱ्या किती आहेत, हे अम्मींना आम्ही अजून सांगितलेले नाही.